लाख अनुयायी, तीन गिऱ्हाइके

टोमॅटोचे क्रेट घेऊन वडील बाजार समितीत जातात, तेव्हा गाडी ठरलेल्या अडत्याच्याच गाळ्यासमोर उभी राहते. हा अडत्या टोमॅटो पिकवीत नाही आणि स्वतःसाठी विकतही घेत नाही. तो शेतकरी व व्यापारी यांची गाठ घालून देतो आणि त्याबद्दल शेकडा ठरलेली रक्कम घेतो. हीच आडत. महाराष्ट्रात फळे व भाजीपाल्याची आडत २०१६ सालापर्यंत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. त्या वर्षी ती खरेदीदाराकडून घ्यावी असा बदल झाला. पैसे कोणीही देवो, अडत्याजवळ खरे भांडवल एकच असते, ते म्हणजे त्याची पत. ती गेली की गाळा उघडा असूनही गाडी पुढच्या गाळ्यावर जाते.

आज मोबाईलच्या पडद्यावर असाच एक अडत्या उभा राहिला आहे. त्याच्या धंद्याला ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात. आपल्या महाविद्यालयातही इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर हजारो अनुयायी असलेले विद्यार्थी आहेत. ‘एवढी माणसे आपल्यामागे आहेत, तर त्यांतून चार पैसे का मिळू नयेत?’ असा प्रश्न त्यांना पडतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून या धंद्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम त्याची रीत पाहू. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन या पुस्तकविक्रेत्या कंपनीने १९९६ साली एक योजना काढली. कोणीही आपल्या संकेतस्थळावर एखाद्या पुस्तकाची शिफारस करावी, सोबत कंपनीची लिंक द्यावी आणि त्या वाटेने पुस्तक विकले गेले तर कमिशन घ्यावे. आज लहानमोठ्या असंख्य कंपन्या हेच करतात. सभासद झालेल्याला मिळणाऱ्या लिंकमध्ये त्याचा ओळख-क्रमांक दडलेला असतो. वाचकाने लिंक दाबली की त्याच्या फोनमध्ये एक छोटी खूण नोंदवली जाते. तिला ‘कुकी’ म्हणतात. ठरावीक मुदतीत त्याने खरेदी केली तर त्या खुणेवरून कमिशन कोणाचे ते ठरते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारणपणे २४ तासांची असते. दोघांच्या लिंका दाबल्या गेल्या तर बहुधा शेवटची लिंक ज्याची, त्याला कमिशन मिळते. गिऱ्हाइकाने माल परत केला तर कमिशनही परत जाते. म्हणजे विक्री झाली, माल राहिला, तरच आडत.

येथवर सारे सोपे वाटते. घोटाळा होतो तो हिशेबात. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याचे १,००,००० अनुयायी आहेत. त्याची प्रत्येक चित्रफीत सगळ्यांपुढे जात नाही. ती कोणाला दाखवायची ते कंपनीचे यंत्र ठरवते. दहांतील एकाने पाहिली असे धरू, झाले १०,०००. त्यांतील शंभरात एकाने लिंक दाबली, उरले १००. त्यांतील शंभरात तिघांनी खरेदी केली. वस्तू ५०० रुपयांची आणि कमिशन शेकडा ५ धरले, तर एका विक्रीमागे २५ रुपये आणि एकूण ७५ रुपये. लाख माणसांच्या जत्रेतून चहा-वड्यापुरते पैसे!

हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. २०१९ साली अमेरिकेतील एका तरुणीने आपल्या नावाने कपडे विकायला काढले. इन्स्टाग्रामवर तिचे २० लाखांहून अधिक अनुयायी होते. कपडे शिवून घेण्यासाठी निदान ३६ नगांची विक्री हवी होती. तेवढीही झाली नाही! कारण पाहणारा आणि घेणारा या दोन निराळ्या जाती आहेत. तमाशाच्या तंबूपुढे गर्दी होते म्हणून तेथे कोणी बी-बियाणे विकायला बसत नाही.

हाच अनुभव माझ्या मावसभावाला आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. गावरान विनोदाच्या चित्रफितींवर त्याने ऐंशी हजार अनुयायी मिळवले होते. मग त्याने मनगटी घड्याळाची लिंक दिली. दोन महिन्यांत चार घड्याळे विकली गेली, त्यांतले एक परत आले. लोक त्याच्याकडे हसायला येत होते. घड्याळातले त्याला काय कळते, हे त्यांनाही ठाऊक होते.

यावर उपाय म्हणून तो जे करून बसला, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. २०२४ च्या दिवाळीत पैसे लावून खेळायच्या एका अ‍ॅपकडून त्याला विचारणा झाली. प्रत्येक नव्या सभासदामागे ठरलेली रक्कम, तीही घड्याळाच्या कमिशनच्या कितीतरी पट. आठवड्यात त्याला नऊ हजार रुपये मिळाले. पुढच्या आठवड्यात वाडीतल्याच एका अकरावीतल्या मुलाची आई मावशीच्या ओट्यावर येऊन बसली. कांद्याच्या लागवडीसाठी ठेवलेले चौदा हजार रुपये मुलाने त्या खेळात घालवले होते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “तुमच्या लेकानं सांगितलं म्हणून पोरानं भरले, ताई.” दादाने ती चित्रफीत काढून टाकली आणि नऊ हजार त्यांच्या घरी नेऊन दिले. चौदा हजारांची भरपाई त्याने झाली नाही, आणि गेलेली पतही नऊ हजारांत परत येण्याजोगी नव्हती.

यातून एक नियम मला दिसतो. जी वस्तू आपल्या गुणांवर खपते, तिला मोठे कमिशन देण्याची गरज नसते. कमिशन जितके अवाजवी, तितका माल अधिक निरखून पाहावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात अशा खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. इतर मालाच्या बाबतीतही शिफारस करणारा मोकळा सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल त्याला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारशीमागे पैसे किंवा भेटवस्तू असेल, तर ते साध्या, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आहे.

‘कमिशन मिळते असे सांगितले तर लोक घेणारच नाहीत,’ अशी शंका कोणी घेईल. त्यांनी इंग्लंडमधील मार्टिन लुईस या पत्रकाराचे उदाहरण पाहावे. २००३ साली त्यांनी सामान्य माणसाचे पैसे कसे वाचतील हे सांगणारे संकेतस्थळ सुरू केले. ज्या लिंकमधून त्यांना पैसे मिळत, तिच्यापुढे ते तारकाचिन्ह देत. ज्याला त्यांना पैसे मिळू द्यायचे नसतील, त्याच्यासाठी बिनकमिशनची लिंकही देत. तरीही, किंबहुना म्हणूनच, लोकांचा विश्वास वाढला. २०१२ साली ते संकेतस्थळ ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतच्या किमतीला विकण्याचा करार झाला. उघडपणा हा धंद्याचा शत्रू नव्हे, तेच त्याचे भांडवल आहे.

मग अनुयायांचे गिऱ्हाईक कसे व्हावे? माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी लागतात. पहिली, लोक आपल्यामागे कशासाठी आहेत हे ओळखणे आणि त्याच कामाची वस्तू सुचवणे. दुसरी, ती वस्तू स्वतः वापरणे आणि तिचा दोषही सांगणे. तिसरी, एका वेळी एकच वस्तू, तीही हंगाम पाहून, सुचवणे. शेतकऱ्याला फवारणी पंप ज्येष्ठ-आषाढात हवा असतो, होळीला नव्हे. चौथी, विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देणे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉकवर जमवलेले लाखो अनुयायी एका रात्रीत नाहीसे झाले. परक्याच्या वाड्यात भरवलेला बाजार असाच असतो. ज्यांच्याशी आपले प्रत्यक्ष बोलणे झालेले असते, ती माणसे मात्र दुसरीकडेही आपल्याला शोधत येतात.

वरचाच हिशेब पुन्हा करून पाहा. लाखांऐवजी फक्त ३०० माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. पण सगळे एकाच कामातले आणि सांगणाऱ्याला ओळखणारे. त्यांतील दहांत एकाने तीच ५०० रुपयांची वस्तू घेतली तरी ३० विक्री आणि ७५० रुपये. गर्दी तीनशे पटींहून लहान, कमाई दहापट.

दादाने विनोद सोडला नाही, पण आता तो बॅटरीवरच्या फवारणी पंपांच्या दुरुस्तीच्या चित्रफिती करतो. ते काम तो गॅरेजात शिकला आहे. वायसर कसा बदलावा, नोझल कशाने साफ करावा, असे सारे दाखवतो. ज्या पंपाची लिंक देतो, त्याचा पट्टा लवकर उसवतो हेही सांगतो आणि ‘यात मला कमिशन मिळते’ हे वाक्य सुरुवातीलाच म्हणतो. पाहणारे थोडे आहेत, पण ते परगावाहून फोन करून विचारतात आणि घेतात. महिन्याला मोठी रक्कम मिळत नाही. मोबाईलचे आणि मावशीच्या औषधांचे भागते.

गेल्या जूनमध्ये त्या मुलाचे वडील गॅरेजात आले. कोणता पंप घ्यावा, एवढेच त्यांनी विचारले. दादाने सांगितले. त्यांनी तो तालुक्याच्या दुकानातून रोख घेतला. लिंक मागितली नाही. दादाला त्याचे कमिशन मिळाले नाही, पण संध्याकाळी मावशीला ही गोष्ट सांगताना तो फार खुशीत होता.