बॉनची लढत आणि मेरान पद्धतीचे दोन डाव

विश्वनाथन आनंदने २००७ साली मेक्सिको सिटीत जगज्जेतेपद मिळवले, ते स्पर्धेत. समोरासमोरच्या लढतीत नव्हे. त्यामुळे काही जाणकार या विजेतेपदाला पूर्ण मान द्यायला तयार नव्हते. त्याचे उत्तर ऑक्टोबर २००८ मध्ये जर्मनीतील बॉन येथे मिळाले. प्रतिस्पर्धी होता रशियाचा व्लादिमीर क्रामनिक.

राजापुढील प्यादे दोन घरे सरकवून डाव सुरू करणे ही आनंदची वर्षानुवर्षांची सवय. मात्र याच सुरुवातीविरुद्ध बर्लिन बचाव वापरून क्रामनिकने २००० साली कास्पारोव्हला निष्प्रभ केले होते. बॉनमध्ये आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनी वजिरापुढील प्यादे पुढे केले.

खरा धक्का काळ्या मोहऱ्यांच्या डावांत बसला. १७ ऑक्टोबरच्या तिसऱ्या डावात आनंदने मेरान पद्धत निवडली. १९२४ साली मेरान येथील स्पर्धेत रुबिनस्टाइन ही पद्धत खेळला होता, त्यावरून हे नाव पडले. चौदाव्या खेळीत आनंदने आपला उंट बी७ घरात आणून लांब कर्णावर रोखला आणि बी५ वरील प्यादे मारू दिले. या प्याद्याच्या मोबदल्यात त्याला मोकळी जी पट्टी मिळाली. तेथे हत्ती येताच पांढऱ्या राजाभोवतीची तटबंदी ढासळू लागली. ४१ खेळ्यांत क्रामनिकने हार पत्करली.

२० ऑक्टोबरच्या पाचव्या डावात क्रामनिक पुन्हा त्याच वाटेने गेला. घरी शोधलेल्या सुधारणेवर त्याचा भरवसा असावा. पण या वेळी आनंदनेच आधी वाट बदलली. २९व्या खेळीत क्रामनिकच्या घोड्याने डी४ वरील प्यादे टिपले, वजिरांची मारामारी झाली आणि ३४व्या खेळीत आनंदचा घोडा थेट ई३ घरात उतरला. तो मारताच काळे प्यादे ई३ वर पोहोचले. पांढरा उंट हत्तीच्या माऱ्याने जखडलेला असल्यामुळे त्या प्याद्याला अडवणे शक्य नव्हते. ३५ खेळ्यांत डाव संपला.

सहाव्या डावाअखेर आनंद ४.५ विरुद्ध १.५ गुणांनी पुढे होता. क्रामनिकला केवळ दहावा डाव जिंकता आला. २९ ऑक्टोबरच्या अकराव्या डावात आनंदला अर्धा गुण पुरेसा होता. त्या दिवशी या लढतीत प्रथमच त्याने राजापुढील प्यादे सरकवले. क्रामनिकला विजय हवा असल्याने बर्लिन बचाव उपयोगाचा नव्हता. तो सिसिलियन खेळला. डाव २४ खेळ्यांत बरोबरीत सुटला आणि आनंदने लढत ६.५ विरुद्ध ४.५ अशी जिंकली.