सुईण की डॉक्टर? पेरणीआधी जसे, तसे बाळंतपणाआधीही ठरवा

भाताच्या लावणीचे दिवस आले की आमच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. रविवारच्या मिस्सानंतर एखादी सासूबाई पदर सावरीत पुढे येतात आणि विचारतात, "फादर, सुनेचे दिवस भरत आलेत. सुईणबाई गावातच आहे. एवढ्या पावसात बेळगावला नेऊन काय करायचं? माझी पाच बाळंतपणं घरातच झाली की!"

या बाईला अडाणी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. सुईणीचे काम मानाचे आहे. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा व पुवा या दोन सुइणी भेटतात. इब्री मुलगे जन्मताच मारा, हा फारोचा हुकूम त्यांनी मोडला, कारण त्यांना देवाचे भय होते. त्या फारोचे नाव शास्त्रात नाही. या दोघींचे मात्र आहे. संकटकाळी बाप्तिस्मा कसा द्यावा हे धर्मगुरूंनी लोकांना, विशेषतः सुइणींना, शिकवावे असे १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यात लिहिले होते. मरणाच्या दारातले बाळ प्रथम त्यांच्याच हाती येते, हे त्यामागचे कारण.

शिवाय डॉक्टर म्हटला की सारे ठीक, असेही नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात एकेकाळी दोन बाळंतविभाग होते. एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापाने जास्त मरत. १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरांनी कारण शोधले. प्रेतांची चिरफाड करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच मरणे झपाट्याने घटली. पदवीपेक्षा स्वच्छ हाताने जीव वाचला, हा धडा दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावा.

मग घरी बाळंतपण का नको? याचे उत्तर आम्हाला एका पावसाळ्यात मिळाले. मध्यरात्री बाळ सुखरूप जन्मले, रडलेही. वार पडायला वेळ लागला आणि रक्त जाऊ लागले. सुईणबाईंनी पोट चोळले, बाळाला छातीशी लावले, जे ठाऊक होते ते सारे केले. नवरा जीप शोधत फिरला. ओढ्याला पाणी होते. पहाटे वाटेतच ती माऊली गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या सुईणबाईंना चर्चमध्ये शेवटच्या बाकावर रडताना पाहिले. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या हाती सुई नव्हती, सलाईन नव्हते, रक्ताची बाटली नव्हती.

बाळ झाल्यावर गर्भाशय आवळले पाहिजे. तेव्हाच आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. ते सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेले की धोका समजावा, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून थोडेही जड जाते. म्हणून दवाखान्यात बाळ जन्मल्यावर मिनिटभरातच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. औषध स्वस्त आहे, पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि देणारा हात शिकलेला लागतो.

तेव्हा खरी निवड दोघांतली नसून तिघांतली आहे : गावची सुईण, सरकारी दवाखान्यातली शिकलेली परिचारिका आणि बाळंतपणाचा तज्ज्ञ डॉक्टर. सर्व काही सरळ असेल तर चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिकेच्या हातून बाळंतपण उत्तम होते. पण पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर जिथे शस्त्रक्रिया व रक्ताची सोय आहे, तिथेच नाव घालावे :

— मागचे बाळंतपण पोट फाडून झालेले, किंवा मागे फार रक्त गेलेले.
— बाळ पायाळू वा आडवे, अथवा जुळे.
— रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज.
— रक्तातले हिमोग्लोबिन ७ च्या खाली.
— मधुमेह, हृदयाचा विकार, किंवा गरोदरपणात रक्तस्राव.

या गोष्टी तपासणीशिवाय कळत नाहीत. निदान चार वेळा तरी तपासून घ्यावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. लोहाच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्याव्यात. शौच काळे होते म्हणून त्या फेकून देऊ नयेत. धनुर्वाताची लस चुकवू नये.

खर्चाची भीती अनेकांना घरी थांबवते. पण २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी इस्पितळात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. हा आपला हक्क आहे. संकोच न करता मागावा.

खाजगी इस्पितळाबद्दलही दोन शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत खाजगी इस्पितळांतल्या शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ४७ शस्त्रक्रियेने झाली. सरकारीत सुमारे १४. म्हणून "शस्त्रक्रिया कशासाठी? थोडे थांबता येईल का?" असे नम्रपणे विचारावे. पण बाळाचे ठोके मंदावलेत वा बाई अडली आहे असे डॉक्टर सांगतील, तर सही करायला मामाची वाट पाहू नये.

जाणकार सांगतात, आई दगावते ती तीन उशिरांमुळे : निर्णयाला उशीर, वाटेत उशीर, दवाखान्यात उपचाराला उशीर. पहिले दोन आपल्या हातचे आहेत. गाय अडली तर आपण रात्री बारा वाजता गुरांच्या डॉक्टरचे दार ठोठावतो. सुनेसाठी सकाळ का व्हावी लागते?

आठवा महिना लागताच घरात एवढे ठरवावे : कोणत्या दवाखान्यात जायचे, १०८ ची गाडी न आल्यास कोणाची जीप, रक्त द्यायला कोणते दोघे, घरी गुरे कोण पाहील. रस्ता बंद होणारे गाव असेल तर आठवडाभर आधीच दवाखान्याजवळच्या नातलगांकडे जाऊन राहावे.

आणि सुईणबाई? त्यांना सोबत न्यावे. कळांत पाठ चोळणारा, धीर देणारा ओळखीचा हात औषधाइतकाच लागतो, आणि सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका स्त्रीला बसू देण्याची सूचना २०१६ पासून आहे. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यायला त्यांनीच सांगावे. वासराला चीक पाजल्याशिवाय आपण राहत नाही. बाळाचा चीक मात्र पिळून टाकणारी घरे अजून आहेत.

पवित्र मरिया डोंगराळ वाटेने एलिझाबेथकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. तिने सोबत दिली, वेळ दिला. आपल्या वाड्यात कोणाचे दिवस भरत आले आहेत हे शेजाऱ्यांनी जाणून घ्यावे. ज्यांना वाहन मिळत नाही त्यांनी कोणत्याही वेळी आमचे दार वाजवावे. झोपमोड झाली तर आम्हाला चालेल. दुसरी तशी शवपेटी उचलणे मात्र नको.