फीमाफीचा कागद

अमरावतीहून वलगाव फार दूर नाही. तेथेच, पेढी नदीच्या पुलाजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. जेवायचे ताट मोडा पण पोराला शिकवा, असे जन्मभर सांगणाऱ्या या निरक्षर कीर्तनकाराचे नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे!

बाबा गेल्यावर तीनच वर्षांनी, १९५९ साली, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला ९०० रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्यांच्या मुलांची फी माफ केली. 'ई. बी. सी.' हा शब्द मग घरोघरी रुळला. आता शुल्काची सवलत राजर्षी शाहूंच्या नावाने मिळते. मिळकतीची मर्यादाही ८ लाखांवर गेली आहे.

मग अडते कोठे? गेल्या जूनमध्ये वलगावकडचे एक पालक उत्पन्नाचा दाखला हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "सर, पैसा सरकार देते, हे खरं हाये. पन थो येईन कवा? तवरिक भरू काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पेरणीसाठी ठेवलेले पैसे त्यांनी फीपोटी भरले. सवलतीचा पैसा पुढेमागे येईलही. पण पेरणी कोणासाठी थांबते? तो प्रवेशाच्या दिवशीच हाती पडला, तरच ताट मोडावे लागणार नाही.