एका नियमाच्या अनेक नकला

टॉमस मॅककेब यांचा आज्ञावलीची क्लिष्टता मोजण्याविषयीचा निबंध १९७६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. येत्या डिसेंबरात त्यास पन्नास वर्षे पूर्ण होतील. या सुवर्णमहोत्सवाची दखल आमच्या व्यवसायात कोणी घेईल असे चिन्ह दिसत नाही, आणि ज्या संस्थेत मी उमेदीची बरीच वर्षे घालविली तेथे तर नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभीच, जुन्या कोडातील पुनरुक्ती काढून त्याची गुंतागुंत कमी करण्यासाठी दर महिन्यास राखून ठेवलेला वेळ एका फर्मानासरशी रद्द करण्यात आला. कारण असे दिले गेले की आता कोड यंत्रच लिहिते, तेव्हा तो जपण्यावर माणसांचा वेळ खर्ची घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. ज्या वेळेसाठी आम्ही काहीजण वर्षानुवर्षे वरिष्ठांशी भांडलो, तो इतक्या सहजपणे निकालात निघावा याचे दुःख अजून ओसरलेले नाही, आणि हा मागोवा त्या दुःखातूनच लिहिला जात आहे.

मॅककेब हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत फोर्ट मीड येथे नोकरीस होते. आलेखशास्त्राचा आधार घेऊन त्यांनी जी रीत सांगितली ती व्यवहारात इतकी सोपी ठरली की शाळकरी मुलासही ती वापरता यावी: एखाद्या फंक्शनमध्ये निर्णयाच्या जितक्या जागा असतील त्यांत एक मिळवावा, आणि बेरीज दहाच्या पलीकडे गेली तर ते फंक्शन फोडून त्याचे लहान भाग करावेत. दहा या आकड्यात काही दैवी गुण आहे असा त्यांचा दावा नव्हता. पण एकापुढे एक असे होय-नाहीचे दहा स्वतंत्र प्रश्न मांडले की त्यांतून जाण्याच्या वाटा १,०२४ होतात, आणि इतक्या वाटा डोक्यात धरून एकही ओळ निर्धास्तपणे बदलणारा माणूस मला या व्यवसायात आजवर भेटलेला नाही.

त्या निबंधाच्या मागची-पुढची वर्षे मी भरभर ओलांडतो. डाइक्स्ट्रा यांचे ‘गोटू’ या आज्ञेविरुद्धचे पत्र १९६८ चे. बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका मोड्यूलच्या आड झाकावा, हे पार्नास यांचे प्रतिपादन १९७२ चे. वापरात असलेली प्रणाली सतत बदलावीच लागते आणि मुद्दाम श्रम घेतल्याविना तिची क्लिष्टता वाढतच जाते, हा लेहमन यांचा निष्कर्षही सत्तरच्याच दशकातला. म्हणजे आमच्या पिढीने संगणकाला हात लावण्यापूर्वीच सांगण्यासारखे बहुतेक सारे सांगून झाले होते. ऐंशीचे दशक आकृत्यांचे, पद्धतिशास्त्रांचे आणि जाडजूड संहितांचे गेले. त्यांतून कोडाच्या वाट्यास फारसे काही आले असे मला वाटत नाही.

ज्या दशकाविषयी मला खरोखर बोलावयाचे आहे ते १९९७ च्या सुमारास सुरू होते. मुंबईत अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात त्या काळी वायटूकेचे काम धो-धो येत होते. परदेशी विमा कंपन्यांचे व बँकांचे कोबोलमधील प्रोग्राम, ज्यांत वर्ष दोनच आकड्यांत साठविलेले होते, ते १ जानेवारी २००० पूर्वी दुरुस्त करून परत पाठवावयाचे, असा तो मामला. हिरव्या पट्ट्यांच्या लांब कागदांवर छापून आलेले ते दप्तर उलगडून बसले की पहिली गोष्ट ध्यानात येई ती ही की, त्या हजारो ओळींत नवे असे फार थोडे होते. तारीख तपासण्याचा तोच परिच्छेद, तीच अक्षरे, त्याच जुन्या टिप्पणीसह, या प्रोग्रामात आणि त्या प्रोग्रामात, कधी एकाच प्रोग्रामात दोन वेळा आढळे. कोबोलमध्ये अशा सामाईक मजकुरासाठी कॉपीबुकाची सोय होती, स्वतंत्र उपप्रोग्राम लिहून तो हाक मारून बोलावण्याचीही सोय होती. तरीही पूर्वसूरींनी शेजारच्या प्रोग्रामातून परिच्छेद उचलून आपल्यात डकविण्याचाच शिरस्ता पाळला होता.

दुरुस्तीची रूढ रीत अशी होती की दोन आकडी वर्षासाठी एक सीमा ठरवावी आणि सीमेच्या आतील वर्षे २००० नंतरची, बाहेरील वर्षे १९०० नंतरची मानावीत. रीत वाईट नव्हती. परंतु ही सीमा एका ठिकाणी नोंदवून सर्व प्रोग्रामांनी तिच्याकडेच पाहावे, अशी व्यवस्था करण्याऐवजी प्रत्येक तुकडीने आपापल्या प्रोग्रामांत तो ‘इफ’ नव्याने टाकला, आणि एका तुकडीने सीमा ३० धरली तर दुसरीने ५०. परिणाम काय झाला तो पाहा. जन्मवर्ष ‘३८’ असलेला विमेदार हप्ता आकारणाऱ्या प्रोग्रामाच्या मते १९३८ साली जन्मलेला, साठी उलटलेला गृहस्थ होता. दावे निकालात काढणाऱ्या प्रोग्रामाच्या मते तो २०३८ साली जन्मास यावयाचा होता. दोन्ही प्रोग्राम आपापल्या तपासणीत उत्तीर्ण झाले होते, कारण प्रत्येकाची तपासणी त्याच्या स्वतःच्या सीमेशीच ताडून पाहिली गेली होती. यावर कळस म्हणजे २००० हे लीप वर्ष आहे की नाही, याचाही निर्णय जागोजाग वेगळा: शंभराने भाग जातो म्हणून लीप नव्हे, इतकेच कोणास ठाऊक, तर चारशेने भाग जातो म्हणून लीपच, हे दुसऱ्या कोणास.

तारखेचा नियम एका उपप्रोग्रामात आणून बाकी सर्वत्र त्यास बोलवावे, अशी सूचना आमच्यापैकी काहींनी लेखी केली होती. ती फेटाळण्यात आली, आणि ज्या कारणास्तव ती फेटाळण्यात आली त्याबद्दल माझा राग आजही शमलेला नाही: आरंभी उल्लेखिलेल्या त्याच संस्थेचे देयक ओळींच्या संख्येवर ठरत होते. ओळी कमी करणारा कारागीर त्या हिशेबात तोट्याचा ठरे, आणि तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा दुरुस्त करणारा कर्तबगार ठरे. ओळींची मोजदाद म्हणजेच कामाची मोजदाद, या समजुतीचा अंमल त्या काळी सर्वदूर होता आणि तो आमच्याकडेच जन्मलेला नव्हता. १९८२ साली ॲपलमध्ये लिसा या संगणकाचे काम चालू असता व्यवस्थापकांनी प्रत्येकास आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते तक्त्यात भरावयास सांगितले. बिल ॲटकिन्सन यांनी नुकताच चित्ररेखनाच्या आज्ञावलीतील एक भाग नव्याने रचून तो कितीतरी वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी गाळल्या होत्या. त्यांनी तक्त्यात उणे दोन हजार हा आकडा लिहिला. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो तक्ता मागणेच बंद झाले. ॲटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये वारले; त्यांच्या मागे जे मृत्युलेख आले त्यांत त्यांच्या चित्ररेखनाच्या कामाची कीर्ती अधिक होती, पण माझ्या लेखी त्या उणे आकड्याची योग्यता तितकीच मोठी आहे.

१९९९ साली मार्टिन फाउलर यांचा रिफॅक्टरिंगवरील, म्हणजे वर्तन न बदलता कोडाची घडण सुधारण्यावरील, ग्रंथ निघाला आणि वातावरण पालटू लागले. कोडाच्या दोषांची जी यादी त्यात आहे तिच्या अग्रभागी पुनरुक्तीस बसविलेले आहे. त्याच वर्षी हंट आणि थॉमस यांनी प्रत्येक माहितीस प्रणालीत एकच अधिकृत ठिकाण असावे हा दंडक मांडला. दोन वर्षांत एक्लिप्स हे कोड लिहिण्याचे साधन आले, आणि फंक्शनमधील पाच ओळी निवडून त्यांचे स्वतंत्र फंक्शन करणे, किंवा एखादे नाव शेकडो ठिकाणी एकाच वेळी बदलणे, ही जी कामे पूर्वी जीव मुठीत धरून करावी लागत, ती निर्धोकपणे होऊ लागली. जेयुनिट या साधनाच्या साहाय्याने लिहिलेल्या चाचण्या हाताशी असल्यामुळे काही मोडले तर ते मिनिटाभरात कळे. पुण्यातील ज्या तुकडीत मी तेव्हा होतो, तेथे हप्ता ठरविणारे एक फंक्शन चारशेहून अधिक ओळींचे होते. वय, व्यवसाय, धूम्रपान, मुदत, सवलत, सारे प्रश्न एकात एक गुंतलेले. ते आम्ही आठवड्यांच्या कष्टाने उलगडले, आणि अखेरीस जे उरले त्यातील प्रत्येक फंक्शन एका दृष्टिक्षेपात वाचता येई. त्यानंतर कंपनीने सवलतीचा नियम बदलला तेव्हा तो बदल एका तरुण मुलीने, नोकरीस लागून फार दिवस झालेले नसताना, दुपारच्या आत करून दाखविला. त्या दिवसांत कोड गाळणे हे प्रतिष्ठेचे काम होते. रिव्ह्यूमध्ये कोणी ओळी कमी केल्या तर वरिष्ठ त्याची मुद्दाम वाखाणणी करीत. तो आदर आता ओसरला आहे, आणि त्याची हळहळ मला फार वाटते.

त्या दशकातील एका अतिरेकाचाही हिशेब येथे पुरा करावयास हवा. पुनरुक्तीचा द्वेष काहींच्या अंगात इतका भिनला की दिसावयास सारखे असलेले सारे एकच मानण्याची चढाओढ लागली. व्यापाऱ्यांच्या बिलांच्या एका प्रणालीत विक्रीकर आणि दलाली या दोहोंची आकारणी, दोन्हीकडे रकमेस टक्केवारीने गुणून जवळच्या रुपयात आणावयाचे एवढ्यावरून, एकाच फंक्शनमध्ये कोंबली गेली होती. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर लागू झाला, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आली, कराचे सारे गणितच बदलले, आणि दलालीचे मात्र तसेच राहिले. मग त्या फंक्शनला एक खूण जोडली, पुढे दुसरी, पुढे तिसरी, आणि शेवटी आतला प्रत्येक निर्णय बाहेरून आलेल्या खुणांवर अवलंबून राहू लागला. पुनरुक्ती गेली, आणि तिच्या जागी मॅककेब यांनी दाखविलेली क्लिष्टता येऊन बसली. सँडी मेट्झ यांनी पुढे निक्षून सांगितले की चुकीच्या सामान्यीकरणापेक्षा पुनरुक्ती कितीतरी स्वस्त पडते. हा निवाडा मी सर्वस्वी मान्य करतो. दोन मजकूर एकसारखे दिसतात याला महत्त्व नाही; एक बदलला की दुसरा बदललाच पाहिजे काय, हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर होय असेल तरच त्यांना एकत्र आणावे.

नकला एकमेकींपासून दुरावतात हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. आज्ञावलीत मात्र संकट अधिक गहन असते, कारण तेथे चुकीचा पाठ वाचून कोणी थबकत नाही. यंत्र तो निमूटपणे अमलात आणते. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत जो दोष उघडकीस आला तो पाहण्यासारखा आहे. एका अटीखाली ‘गोटू फेल’ ही ओळ होती, आणि तिच्याखाली तीच ओळ, त्याच अंतराने, आणखी एकदा आली होती. कंस नसल्यामुळे पहिली ओळ अटीच्या ताब्यात राहिली आणि दुसरी बिनशर्त झाली. तिच्यामुळे पुढची स्वाक्षरीची पडताळणी वगळली गेली आणि तरी निकाल ‘यशस्वी’ असाच परत गेला. एक ओळ दोनदा आली, आणि कोट्यवधी फोनांच्या सुरक्षिततेस भगदाड पडले.

आता वर्तमानाकडे येतो. २०२२ पासून कोड सुचविणारी यंत्रे सर्रास हाताशी आली. त्यांच्या सामर्थ्याचे कौतुक मला आहे. मीही ती वापरतो. परंतु ज्या प्रणालीत लाखो ओळी आहेत, तीत हा नियम आधीच कोठे लिहिलेला आहे काय, हे शोधण्याचे कष्ट यंत्र आपणहून क्वचितच घेते. ते समोरच्या गरजेपुरता नवा मसुदा तयार करून देते, आणि तो चालतो हे पाहून माणूस तो दाखल करून घेतो. गिटक्लिअर या संस्थेने २०२० ते २०२४ या काळातील सुमारे २१ कोटी बदललेल्या ओळी तपासल्या, तेव्हा असे दिसले की जागा बदलून नीट लावलेल्या, म्हणजे रिफॅक्टरिंगची खूण मानल्या जाणाऱ्या, ओळींचे प्रमाण २०२१ च्या २५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये दहाच्या खाली आले, आणि नक्कल केलेल्या ओळींनी त्यांना मागे टाकले. ज्या संस्थेने आमचा राखीव वेळ रद्द केला तिच्या पूर्वीच्या बिलांत आणि आताच्या अहवालांत मला एकच वृत्ती दिसते: लिहिलेले मोजावे, वाचावयास लागणारा वेळ कोणाच्याच खाती घालू नये. लिहिणे जवळजवळ फुकट झाले म्हणून वाचणे फुकट झालेले नाही, आणि दोष निघाला की वाचावयास माणूसच बसतो.

वायटूकेच्या धर्तीची आणखी एक मुदत पुढे आहे. ज्या प्रणाली काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत मोजतात, त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. ती दुरुस्ती ज्यांच्या हाती येईल त्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे की, पहिल्या दिवशी एकही ओळ बदलू नये. प्रणालीत तारखेचा नियम किती ठिकाणी लिहिला गेला आहे त्याची यादी आधी करावी, त्या साऱ्या नकला एका ठिकाणी आणाव्यात, आणि त्यानंतरच तो नियम, एकदाच, दुरुस्त करावा. आणि या कामासाठी लागणारा वेळ वरिष्ठांकडून लेखी मागून घ्यावा.