कळलावी फुलदाणीत ठेवायची, पण फांदी न तोडता

महालक्ष्म्यांच्या आधी गुलमंडीवर फुलं घ्यायला गेलात तर टोपल्यांत काय दिसतं? झेंडू, शेवंती, निशिगंध, कुठे जरबेरा. गंमत बघा: झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोचे, शेवंती चीनकडची, जरबेरा दक्षिण आफ्रिकेचा. झेंडू आता आपलाच झालाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच दिवसांत आपल्याकडे कुंपणांवर, झुडपांत एक देशी फूल पेटलेलं असतं: कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. काही भागांत तिला 'गौरीचे हात' म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हिचेच प्रकार नेदरलँड्समध्ये काचघरांत वाढवून पुष्पगुच्छांसाठी विकतात.

मग आपण कुंडीत लावून घरीच फुलं काढली तर? जमतं. पण एक मेख आहे.

कळलावीला जमिनीत कंद असतो. जूनच्या पावसात त्यातून वेल फुटते, पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी आधार धरत चढते, फुलते आणि हिवाळ्यात वाळून जाते. पुढच्या वर्षीचा कंद याच वेलीची पानं बनवलेल्या अन्नातून तयार होतो. सजावटीसाठी हातभर फांदी कापली की पानंही जातात आणि कंद उपाशी राहतो. यंदा गुच्छ छान, पुढच्या वर्षी कुंडी रिकामी! रानातून वेल उपटली तर प्रश्नच मिटला.

म्हणून सजावटच बदलायची. फक्त फूल देठासह खुडायचं आणि पसरट वाडग्यात पाण्यावर ठेवायचं. कळलावी उमलताना हिरवट-पिवळी असते, मग पिवळी-लाल आणि शेवटी पूर्ण लाल होते. त्यामुळे वेगवेगळ्या वयाची तीन फुलं घेतली की रंगसंगती आपोआप जमते. उंची हवी असेल तर कुंडीच उचलून मखराशेजारी ठेवा.

लावायची कशी? कंद नर्सरीतून घ्या. तो जपून हाताळा, कारण कोंब टोकाला असतो आणि तो मोडला की तेवढा भाग फुटत नाही. खोल कुंडीत, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत, तीन-चार बोटं खाली आडवा ठेवा. चढायला काठी द्या. वेल वाळली की पाणी बंद करा, पण कुंडी फेकू नका, कंद झोपलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कळलावीत कोल्चिसिन असतं. हे रसायन पेशींचं विभाजन थांबवतं. गाउटवरच्या औषधासाठी ते उपयोगी आहे आणि तमिळनाडूत बियांसाठी हिची शेतीही होते. पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर जीवघेणा. तो रताळ्यासारखा वाटून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. त्यामुळे हातमोजे घाला, कुंडीवर नाव लिहा, लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर लावूच नका. आणि महालक्ष्म्यांपुढे वाडगा ठेवलात तर नैवेद्याच्या ताटांपासून लांब, उंचावर ठेवा.