पिनांसाठी रूट कशाला?

रास्पबेरी पायवर एलईडी पेटवायला निघालेल्या विद्यार्थ्याला ‘परवानगी नाही’ असा संदेश दिसतो आणि तो प्रत्येक आज्ञेपुढे ‘सुडो’ (सर्वाधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द) लावू लागतो. जीपीआयओ पिना (तारा जोडून सिग्नल देण्याघेण्याच्या धातूच्या काड्या) फक्त रूटच्याच (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या), हा समज त्यातूनच पसरतो. प्रत्यक्षात लिनक्समध्ये या पिनांपर्यंतची वाट एका उपकरण-फाइलीतून जाते आणि रास्पबेरी पाय ओएसमध्ये ती फाइल ‘जीपीआयओ’ नावाच्या गटाला खुली असते. वापरकर्त्याला त्या गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. हे दुसरं विसरून बरेच जण उगाच डोकं धरून बसतात.

हा गट म्हणजे कारखान्यातल्या किल्लीसारखा: तिथे पॅनेल रूमची किल्ली इलेक्ट्रिशियनांकडे असते. त्यासाठी मॅनेजरचा जुडगा कोणी मागत नाही.

फाइल सरसकट सगळ्यांना खुली करणं धोक्याचं, शिवाय टिकतही नाही. संगणक सुरू होताना ती नव्याने तयार होते. दुसऱ्या बोर्डावर असा गट नसेल, तर तो बनवून युडेव्हमध्ये (उपकरण-फाइलींचे हक्क ठरवणारी सेवा) एका ओळीचा नियम लिहावा. गट व्होल्टेज मात्र तपासत नाही: ३.३ व्होल्टच्या पिनेला ५ व्होल्ट दिले, तर चिप जळू शकते.