पाण्यात बंद पडलेली गाडी लगेच सुरू करू नका

पांढुर्णा-सौसर भागात जाम आणि कन्हान नद्यांना मिळणारे नाले पावसाळ्यात घटकाभरात फुगतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. गाडीपेक्षा जीव मोलाचा. तरीही साचलेल्या पाण्यात मोटारसायकल बंद पडलीच, तर किक किंवा सेल्फ मारू नका. खरे नुकसान बहुधा त्याच क्षणी होते.

इंजिन हवा ओढून दाबते. हवा दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही. शंभर सीसीच्या इंजिनात पिस्टन पूर्ण वर गेल्यावर उरणारी जागा जेमतेम 12 मिलिलिटर, म्हणजे अडीच चमचे. एवढे पाणी एअर फिल्टरमधून आत गेले तरी पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात ही जागा त्या मानाने आणखी कमी. त्यामुळे नदीकाठच्या पंपाचे इंजिन पूर येण्याआधीच उंचावर हलवलेले बरे.

गाडी ढकलत कोरड्यावर आणा. एअर फिल्टर तपासा. स्पार्क प्लग काढून हळू किक मारली की पाणी त्या भोकातून बाहेर पडते. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

हाच धोका सहलीच्या मोटरबोटीलाही असतो, पण तिच्या इंजिनात पाणी बरेचदा उलट्या वाटेने, धुराच्या नळीतून शिरते. म्हणून त्या नळीचे वळण पाण्याच्या पातळीच्या बरेच वर ठेवतात.